वयात येणाऱ्या मुलांचे प्रश्न कुठे न्यायचे?

सहावी-सातवीतल्या मुलाच्या मनात आपल्या शरीराबद्दल पहिला प्रश्न उठतो, तेव्हा उत्तर देऊ शकणारे बरेच जण त्याच्या आसपास असतात. आपल्या खारेपाटणात शाळा आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई आहेत, औषधाचं दुकान आहे. तरीही घरातले म्हणतात शाळेत शिकवतील, शाळा म्हणते ते घरी सांगावं, आणि दोघांच्या मधून प्रश्न मोबाइलवर जातो. या लेखात आपण तोच प्रश्न हातात धरून एकेका दारापाशी जाऊ. कुठे काय मिळतं, काय मागायचं आणि गाडी कुठे अडते, ते पाहू.

त्याआधी थोडा इतिहास. दापोलीजवळच्या मुरूडमध्ये १८८२ साली जन्मलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक पत्रं पाठवत, कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी ते खटला हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्या प्रश्नांवरून हे घडलं त्यांत हस्तमैथुनाचा प्रश्न होता. तेरा वर्षांचा मुलगा आजही तोच विचारतो आणि आजही त्याला कुणी सरळ सांगत नाही.

पहिलं दार घराचं. मुलीला पाळी येण्याआधी, म्हणजे साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास, ती काय असते, रक्त का येतं आणि पॅड कसं वापरायचं हे सांगायला हवं. पाळी आल्यावर घाईघाईने सांगितलं तर मुलीच्या मनात आधी भीती बसलेली असते. पुष्कळ घरांत सांगतात ते एवढंच, की कशाला शिवायचं नाही आणि कुठे बसायचं.

मुलग्यांना तर कुणीच काही सांगत नाही. आवाज फुटणं, लिंग ताठ होणं, झोपेत वीर्य बाहेर येणं हे सगळं वाढीचा भाग आहे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, दृष्टी जात नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. ही चार वाक्यं बापाने, काकाने किंवा गणपतीला आलेल्या चाकरमानी मामाने सांगितली, तर मुलाची वर्षानुवर्षांची धास्ती जाते. शब्द जड वाटत असतील तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगायला लावावं. गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

दुसरं दार शाळेचं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा अभ्यास आहे. गर्भधारणा कशी होते, इथपासून टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत. म्हणजे विषय अभ्यासक्रमात नाही असं म्हणता येत नाही. पण तिथे अवयव आहेत, माणसं नाहीत. संमती म्हणजे काय, नको असलेला स्पर्श कसा ओळखायचा, आवडणारी व्यक्ती आपल्याच लिंगाची असली तर काय, हे त्या धड्यात येत नाही. अशा विषयांसाठी केंद्राने आखलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्राने २००७ मध्ये नकार दिला. तो निर्णय चुकीचा होता असं मला ठामपणे वाटतं, कारण त्याची जागा दुसऱ्या कशाने तेव्हा भरली नाही.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला जातो. दुसरं, मुलींना वेगळं बसवून पाळीबद्दल सांगतात आणि तेवढा वेळ मुलगे मैदानात असतात. मग पाळी हा त्यांच्यासाठी चिडवण्याचा विषय राहतो. आपण पालक-शिक्षक सभेत एवढं जरी विचारलं की हा धडा कोण आणि कधी शिकवणार, आणि आरोग्य केंद्रातून डॉक्टर किंवा परिचारिका येऊ शकतील का, तरी काम पुढे सरकतं. शिक्षकांनाही आधार लागतो. पालकांचा विरोध होईल या भीतीने ते थांबलेले असतात.

तिसरं दार दवाखान्याचं, आणि आपल्याकडे सर्वांत कमी वापरलं जातं ते हेच. ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुला-मुलींसाठी तो आहे. त्याअंतर्गत महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. तिथे समुपदेशक, म्हणजे ऐकून घेऊन मार्ग सुचवणारी प्रशिक्षित व्यक्ती, असावी अशी योजना आहे. खारेपाटणहून जायचं तर आधी इथल्या आरोग्य केंद्रात विचारावं, नाहीतर कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं.

अडचण येते ती केसपेपरच्या खिडकीपाशी. गाव लहान, मागे उभा असलेला माणूस ओळखीचा, आणि आतून मोठ्याने प्रश्न येतो, ‘काय होतंय?’ तिथे सगळं सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांशी बोलायचं आहे’ एवढं पुरेसं आहे. तपासताना मुलीसोबत बाई कर्मचारी असावी हे मागायला संकोच करू नये.

गर्भपाताबद्दलही इथेच सांगतो, कारण उशीर याच बाबतीत सर्वांत महाग पडतो. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. कायद्यात दिलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही, अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. विशिष्ट परिस्थितीत मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत जाते, आणि त्यात अविवाहित स्त्रियाही येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की, अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक नोंदणी नसलेल्या माणसाकडे जातात आणि मुलीचा जीव धोक्यात घालतात.

चौथं दार दुकानाचं. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून मिळतं, निरोध मागताना आवाज खाली जातो. सॅनिटरी पॅडवरचा वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला, तेव्हा आपण कर नसलेली साधी गरजेची वस्तू घेत आहोत. आशाताईंकडेही केंद्राच्या योजनेतून सहा रुपयांत सहा पॅडचं पाकीट देण्याची सोय ठेवलेली आहे. त्यांना विचारावं. असुरक्षित संबंधानंतरची तातडीची गर्भनिरोधक गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. ती नेहमीच्या गर्भनिरोधकाची जागा घेत नाही आणि तिने गर्भपातही होत नाही.

आता जाहिरातींकडे पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणी वाहिन्यांना सांगितलं की, निरोधच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवाव्यात. उलट ‘मर्दानी ताकद’ आणि ‘बचपन की गलती’ यांवर इलाजाचं वचन देणारी पत्रकं एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि हायवेच्या कडेला भरदिवसा चिकटलेली असतात. वास्तविक १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायलाच बंदी आहे. खरी माहिती मध्यरात्री आणि भीती दिवसाढवळ्या, असा उलटा हिशेब आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. अशा पत्रकावरच्या नंबरला फोन करणारा मुलगा बहुधा निरोगी असतो. त्याच्याकडून पैसे काढले जातात ते त्याच्या लाजेचे.

पाचवं दार मोबाइलचं. तिथे दिसणारी अश्लील चित्रफीत शिकवण्यासाठी बनवलेली नसते. त्यात संमती विचारलेली दिसत नाही, निरोध क्वचित दिसतो. हे मुलांना शांतपणे सांगावं. फोन हिसकावून घेतला तर मुलं दुसऱ्याचा फोन शोधतात.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगायला हवी. अठराखालच्या मुलांची लैंगिक चित्रं किंवा चित्रफिती पाहणं, साठवणं, पुढे पाठवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि सर्वंकष लैंगिक शिक्षण सुरू करण्याची सूचनाही त्याच निकालात केली. वर्गातल्या मुलीचा फोटो गटात फिरवणारे मुलगेही यात सापडू शकतात. व्हिडिओ कॉलवर कुणी फसवून चित्रण केलं आणि पैसे मागितले, तर पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत आणि १९३० वर फोन करावा. एकदा पैसे दिले की मागणी वाढत जाते.

सहावं दार पोलिसांचं. अठराखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. ज्याला हे कळलं त्याने ते कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘मुलीचं नाव जाईल, आपसांत मिटवूया’ असं वडीलधारे म्हणतात. या गुन्ह्यात मिटवायला काहीच नसतं. मिटवणाऱ्यांवरच कळवलं नाही म्हणून कारवाई होऊ शकते.

दुसरा घोळ सतरा वर्षांच्या प्रेमिकांचा. कायद्याने संमतीचं वय अठरा आहे, २०१२ पूर्वी ते सोळा होतं. मुलगी स्वखुशीने गेली असली तरी मुलावर गंभीर गुन्हा दाखल होतो. हे मुलांना आधीच माहीत असायला हवं. अनेकांना ते कळतं अटक झाल्यावर.

सातवं दार बातमीचं. पॉक्सोच्या कलम २३ नुसार पीडित मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड आहे. ‘अमुक वाडीतली, अमुक शाळेतली’ एवढं लिहिलं तरी गाव ओळखतं. व्हॉट्सअॅपच्या गटातही असला मजकूर टाकू नये.

शेवटचं दार कामाच्या जागेचं, कारण वयात आलेल्या मुली पुढे तिथेही जातात. काजूच्या कारखान्यात, हॉटेलात, दुकानात, कार्यालयात बायका काम करतात. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, म्हणजे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी मंडळी. तिची अध्यक्ष बाई असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती असते. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसं असतील, तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा कुणी घरकाम करत असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची चौकशी ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची असते. अर्जात तारीख, जागा, काय बोललं, काय केलं, कुणी पाहिलं एवढं असावं, एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि दिल्याची पोच घ्यावी.