बेटांवरच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न

समुद्र बेटे गिळू लागला, तर कायद्याने जबाबदार कोण? २०१९ साली व्हानुआतू या द्वीपराष्ट्रात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी हा प्रश्न हाती घेतला.

त्यामागचे विज्ञान साधे आहे. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतके तेथेच राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे सुमारे २८० रेणू होते. २०२४ मध्ये ४२० हून अधिक. म्हणजे आजोबांच्या काळी जाळलेल्या कोळशाने नातवंडांचा समुद्र तापतो, प्रसरण पावतो.

विद्यार्थ्यांनी सरकारला पटवले, सरकारने संयुक्त राष्ट्रांना. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सांगितले : हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत सल्ल्यापुरतेच. पण पुढील खटल्यांत त्याचा आधार घेता येईल.