निघण्याआधीचा आठवडा

दिवाळी सरली की कोकण किनाऱ्यावर सायकल चालवायचे दिवस सुरू होतात. पाऊस गेलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा ओसरू लागतो. रेवसहून रेडीकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर तंबू घेऊन एकट्याने निघायचं, तर तयारी महिनाभर चालते. पण कस लागतो तो शेवटच्या आठवड्यात. माझं ठाम मत आहे, की या आठवड्यात काहीही नवं करू नये. नवी सीट नको, नवे बूट नकोत, नवा तंबू तर नकोच. जे आहे ते ओझ्यासकट पारखून घ्यावं.

चेनचंच बघा. चेनच्या पिना झिजल्या की ती लांबते आणि मागच्या कॅसेटचे दातेही आपल्याबरोबर झिजवते. अशा झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली, की चढावर जोर लावताच ती सटकू लागते. गल्लीत मोकळ्या सायकलवर फेरी मारून हे कळत नाही. गिअरच्या नव्या ताराही थोड्या वापरानंतर सैल पडतात, पुन्हा ताणाव्या लागतात. चेन, कॅसेट, तारा काय बदलायचं ते तीन आठवडे आधी बदलून मोकळं व्हावं.

मग सगळं सामान लादून एक अख्खा दिवस सायकल चालवावी आणि रात्र तंबूत काढावी. हा रस्ता नकाशावर समुद्राकाठाने सरळ जातो. प्रत्यक्षात दर खाडीला खाली उतरतो आणि पलीकडे लगेच सड्यावर चढतो. उतारावर ब्रेक पॅडची आणि चढावर मागच्या चाकाची परीक्षा होते. मागच्या चाकाचे गिअरच्या बाजूचे आरे सगळ्यांत जास्त ताणलेले असतात आणि बदलायला सगळ्यांत अवघडही, कारण त्यासाठी कॅसेट काढावी लागते. ते हत्यार लहान गावात मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून शेजारशेजारचे दोन आरे चिमटीत दाबत चाकभर फिरावं. एखादी जोडी सैल लागली तर तिथेच थांबून चाक सायकलवाल्याकडे न्यावं, आऊट काढून घ्यावा आणि त्याच मापाचे दोन-तीन आरे फ्रेमला टेपने चिकटवून बरोबर ठेवावेत. कॅरिअरचा एकेक स्क्रू कसून पाहावा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देतो. बारीक व्हॉल्व्ह असेल तर ॲडॉप्टर पंपाच्या पिशवीतच हवा.

या बाबतीत मला डर्व्हला मर्फीची आठवण होते. 1963 साली ही आयरिश बाई एकटीच सायकलवरून भारताकडे निघाली. निघण्यापूर्वी तिने सायकलचे गिअर काढून टाकले, कारण आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत असं तिला वाटलं. सुटे टायर तिने वाटेतल्या ठिकाणी आधीच पाठवून दिले होते. आपण गिअर काढायची गरज नाही. पण वाटेत मोडलं तर कुठे आणि कोण दुरुस्त करील, हा तिचा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावा.

तंबूच्या जागेचा विचारही घरीच व्हावा. यासाठी किनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना हिशोब फार उपयोगी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसाही आणि रात्रीही. पौर्णिमेला आणि अमावास्येला हे उत्तर सव्वाअकरा येतं, आणि त्या दिवसांत भरती उधाणाची असते. म्हणजे चांदण्यात पुळणीवर झोपावंसं वाटतं, नेमक्या त्याच रात्री मध्यरात्रीच्या सुमाराला पाणी सगळ्यांत वर चढतं. निघण्यापूर्वी कॅलेंडर उघडून प्रत्येक मुक्कामाची तिथी आणि भरतीची वेळ एका कागदावर लिहून घ्यावी.

वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. दोऱ्यांना वाळू भरलेल्या पिशव्या बांधून त्या पुरता येतात. माडाखाली तंबू कधीच नको, नारळ रात्रीही पडतो. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा तिथल्या वाळूवर तंबू आणि दिवे नकोतच. त्यापेक्षा गावात पोलीस पाटलांना किंवा देवळाच्या पुजाऱ्यांना विचारावं. कुणाच्या अंगणात जागा मिळाली तर पाणी मिळतं आणि माणसांची सोबतही.

खाण्याची चिंता या वाटेवर फारशी नाही, खानावळी आहेत. पाणी मात्र तीन लिटर तरी हवंच. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरलेला, हे प्रमाण पाठ असावं.

दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड इथे सायकल फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडता येते. शेवटची फेरी चुकली तर मुक्काम अलीकडेच पडतो, म्हणून त्या त्या काठावरची पर्यायी जागा घरीच हेरून ठेवावी.

भरतीच्या त्या कागदावरच मुक्कामाची गावं लिहून त्याची एक प्रत घरी द्यावी. संध्याकाळी फोन करायची वेळ ठरवावी आणि ती वेळ टळली तर किती वाट पाहायची, मग आधी कुणाला फोन लावायचा, 112 ला केव्हा कळवायचं, हेही बोलून घ्यावं. खाडीकाठच्या काही वळणांवर रेंज नसते, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं असलं की पहिल्याच संध्याकाळी त्यांचा जीव टांगणीला लागत नाही.