जुनी जिप्सी रानवाटेवर नेण्याआधी
मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली. तिच्या चारही चाकांना कमानपाटे आहेत. जुन्या गाडीत आधी त्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट तपासावेत. गाडीची उंची वाढवण्याचा विचार नंतर.

सर्वांत जास्त जपावं ते अ‍ॅक्सलला. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदलावं, सील नवं घालावं आणि ब्रीदरला नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर बांधावं.

खडकाळ वाटेवर टायरमधली हवा थोडी उतरवली की पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच मात्र ती पुन्हा भरायलाच हवी.