फसफस सिलिंडरची आणि फसफस यीस्टची

इंग्लंडात 1963 साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट उठली आणि अमेरिकेत 1978 च्या संघीय कायद्याने तिला मुभा मिळाली. तेव्हापासून तिकडील हौशी मंडळींत एक समज पिढीजात वतनासारखा चालत आला आहे. तो असा, की बाटलीत साखर घालून यीस्टकरवी उत्पन्न केलेली फसफस सूक्ष्म व मुलायम, आणि पोलादी केगमध्ये सिलिंडरमधून दाबाने भरलेली मात्र भरड व कृत्रिम. चांगली जाणती माणसेही हे छातीठोकपणे सांगतात, याचा मनस्वी खेद होतो.

कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर त्याच्या उत्पत्तिस्थानाची मोहोर नसते. स्थिर तपमानात द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हे विल्यम हेन्रीने 1803 साली सिद्ध केले. म्हणूनच 3 अंश सेल्सिअस तपमानाच्या बिअरवर, दाबमापकानुसार, चौरस इंचास सुमारे 12 पौंड दाब आठ-पंधरा दिवस कायम ठेवला असता तिच्या घनफळाच्या अडीचपट, अर्थात लिटरमागे सुमारे 5 ग्रॅम वायू तिच्यात विरघळतो, आणि तितकाच वायू यीस्टने निर्माण केला तरी त्याच्या गुणधर्मांत तिळमात्र फरक पडत नाही. बुडबुडे उगम पावतात ते पेल्याला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंवर व ओरखड्यांवर. फेस टिकतो तो जवातील प्रथिनांमुळे व हॉप्सच्या कडू द्रव्यांमुळे. मग जिभेला भेद का जाणवतो? बाटलीतील बिअर कित्येक आठवडे मुरते, तिचा गाळ तळाशी बसतो. केगमधील बिअर अधीर यजमान तिसऱ्याच दिवशी पेल्यात ओततो. अपराध कच्चेपणाचा, आणि फिर्याद मात्र वायूवर!

उरलेल्या समजांचा निकाल थोडक्यात लागतो.

केग हलवल्याने फेस बिघडतो: नाही, वायू लवकर विरघळतो इतकेच, फक्त दाब बेताचा ठेवावा.

एकदा वायू भरला की सिलिंडर बंद करावा: तसे केल्यास प्रत्येक पेल्यागणिक केगमधील दाब उतरतो आणि बिअर मिळमिळीत होते.

तोटीतून नुसता फेस येतो म्हणजे वायू अतिरिक्त झाला: पुष्कळदा नळी आखूड किंवा तोटी उष्ण असते.

तपमान कोणतेही असो, दाब एकच पुरतो: 20 अंशांवर तेवढ्याच फसफशीसाठी सुमारे 28 पौंड दाब लागतो.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होणार नाही, त्यांनी एकाच वेळी आंबवलेली बिअर दोन्ही रीतींनी सिद्ध करावी, दोन्हींत वायूचे प्रमाण समान राखावे, दोन्ही सारखेच दिवस थंडाव्यात मुरू द्याव्यात, खुणा झाकून दुसऱ्याकडून पेले भरून घ्यावेत, आणि मगच आपला अभिप्राय द्यावा.