बेटावरची सुटी कशी आंखावी?



उष्ण कटिबंधांतील बेट म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें. निळें पाणी, पांढरी वाळू, वांकलेलें नारळाचें झाड आणि बारा महिने तेंच ऊन. जाहिरातींनीं हें चित्र मनांत इतकें पक्कें बसविलें आहे कीं, बेटावर जाऊं इच्छिणारा गृहस्थ आधीं हॉटेल शोधतो, मग विमानाचें भाडें पाहतो, आणि वाऱ्यापावसाचा विचार सर्वांत शेवटीं करतो. खरें पाहतां हा क्रम अगदीं उलटा पाहिजे. बेटावर वारा आणि समुद्र यांच्यापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. वर्षानुवर्षें सांठविलेला पैसा आणि मोठ्या प्रयासानें मिळालेली आठ दिवसांची रजा जेथें खर्चावयाची, तें बेट आधीं समजून घेणें हेंच शहाणपणाचें. उदाहरणादाखल आज आपण मॉरिशसचा विचार करूं.

मॉरिशस हें मादागास्करच्या पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर, हिंदी महासागरांत आहे. त्याची लांबी सुमारें ६५ आणि रुंदी सुमारें ४५ किलोमीटर. मुंबईहून थेट विमानानें गेल्यास सुमारें सहा तास लागतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षां दीड तास मागें असतें. पण घड्याळापेक्षां ऋतूंचा फरक अधिक महत्त्वाचा. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर असल्यामुळें तेथील ऋतु उत्तर गोलार्धाच्या उलट चालतात.

आपल्याकडे सुट्या मुख्यतः तीन : उन्हाळ्याची, दिवाळीची आणि नाताळची. त्या तिन्ही मॉरिशसच्या ऋतूंशीं ताडून पाहूं. आपल्या मे महिन्यांत तेथें हिवाळा लागतो. हा हिवाळा कडाक्याचा नव्हे. त्या ऋतूंतील सरासरी उष्णमान २० अंशांच्या आसपास असतें. चालण्याफिरण्यास तो काळ उत्तम. मात्र जुलै-ऑगस्टांत समुद्राचें पाणी अंगास गार लागतें. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, पाऊस थोडा, वारा मंदावलेला आणि पाणी ऊबदार होत चाललेलें असतें. ज्यांना पोहण्याची हौस आहे त्यांनीं हीच वेळ साधावी. नाताळांत यूरोपांतून प्रवाशांची रीघ लागते, हॉटेलांचे दर चढतात आणि पावसाळाहि जवळ येतो.

जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने. प्रत्येक वर्षीं वादळ बेटावर आदळतेंच असें नाहीं. पण आलें म्हणजे सबंध बेटाचा व्यवहार एकदम थांबतो. २०२४ च्या जानेवारींत ‘बेलाल’ नांवाच्या वादळाच्या वेळीं राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. त्या महिन्यांत जाणें भागच असेल, तर परतल्यावर कामावर रुजू होण्यापूर्वीं दोन दिवस मोकळे ठेवावे, पैसे परत मिळण्याच्या अटी आधींच वाचाव्या आणि प्रवासाचा विमा उतरवावा.

महिना ठरला, आतां जागा कोणती निवडावी? येथें वाऱ्याचीच सल्ला घ्यावी. मॉरिशसवर व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात आणि हिवाळ्यांत त्यांचा जोर वाढतो. समुद्रावरून आलेली दमट हवा मधल्या पठारावर चढते, थंड होते आणि तेथेंच पाऊस पाडते. पश्चिमेकडे उतरतांना ती कोरडी झालेली असते. आपल्या सह्याद्रीचा घाटमाथा भिजतो आणि पलीकडचें माण-खटाव कोरडें राहतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून पठारावरील क्यूरपीप गांवीं छत्री उघडावी लागते, त्या वेळीं पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आं-फ्लाक येथें लख्ख ऊन असूं शकतें. हिवाळ्यांत जाणाऱ्यानें पश्चिमेस किंवा वायव्येस उतरावें. उन्हाळ्यांत पूर्वेकडील बेल मारच्या बाजूचा वारा सुखावह वाटतो. विमानतळ आग्नेय कोपऱ्यांत आहे. तेथून उत्तर टोंकास पोंचण्यास तासाहून अधिक वेळ लागतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. बेट लहान असल्यामुळें रोज बिऱ्हाड हलविण्याचें कारण नाहीं. एकच मुक्काम, फार तर दोन, पुरेसे आहेत.

तिसरा विचार समुद्राचा. आणि येथें चूक झाली तर केवळ पैशावर भागत नाहीं. बेटाच्या बहुतेक भागाभोंवतीं प्रवाळांची भिंत आहे. बाहेरची लाट त्या भिंतीवर फुटते, म्हणून आंतलें पाणी उथळ आणि शांत राहतें. परंतु ही भिंत सलग नाहीं. दक्षिणेस ग्री-ग्री येथें तिचें संरक्षण नाहीं. तेथें समुद्र थेट कड्यावर येऊन आदळतो. तें दृश्य पाहावें, पण पाण्यांत उतरूं नये. जेथें नद्या समुद्रास मिळतात तेथेंहि प्रवाळ वाढत नाहींत आणि भिंतीस खिंडार राहतें. लाटांनीं भिंतीवरून आंत लोटलेलें पाणी याच वाटेनें जोरानें बाहेर पडतें, आणि त्या ओढींत चांगला पोहणाराहि सांपडतो. यासाठीं पोहण्याची जागा स्थानिक माणसास विचारूनच निवडावी. पायांत रबरी जोडे असावे. कारण उथळ पाण्यांत दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा पडून असतो.

आपण जसे समुद्रापासून जपावयाचें, तसें समुद्रालाहि आपल्यापासून जपलें पाहिजे. २०२० च्या जुलैंत ‘वाकाशिओ’ नांवाचें जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळांवर चढलें, आणि पुढें त्यांतील तेल पाण्यांत पसरलें. तें अडविण्यासाठीं हजारों नागरिकांनीं उंसाचें पाचट कापडांत भरून तरंगते बांध तयार केले. ज्या प्रवाळांसाठीं तेथील माणसें अशीं धांवलीं, त्यांवर पाय देऊन उभें राहणें किंवा त्यांचा तुकडा खिशांत घालणें आपणांस शोभणार नाहीं.

शेवटीं एक अर्धा दिवस पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटासाठीं राखून ठेवावा. १८३४ पासून भारतांतून उंसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेण्यांत येऊं लागले. १९२० पर्यंत त्यांची संख्या सुमारें साडेचार लाखांवर गेली. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत आपल्या कोंकणांतील माणसेंहि होतीं. बोटींतून उतरल्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून तीं आंत गेलीं, त्या तेथें जपून ठेवल्या आहेत. २००६ सालीं या स्थळास जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांचे वंशज तेथें आजहि मराठी शिकतात, आणि गणेशचतुर्थीस सबंध देशास सुटी असते.

आपण जातांना परतीचें तिकीट खिशांत घेऊन जातों. त्या पायऱ्या चढलेल्यांपैकीं पुष्कळांना पुन्हां कोंकणचा किनारा दिसला नाहीं. बेत आंखतांना महिना, वारा आणि समुद्र यांची नोंद केलीत, कीं त्याखालीं या घाटाचेंहि नांव लिहा. आणि तेथें कोणी मराठी बोलणारा भेटला, तर दोन शब्द बोलल्याशिवाय परतूं नका.