मांजरांचा विषाणुजन्य आंत्रदाह व शुश्रूषा

कणगीतील धान्याचे उंदरांपासून रक्षण करणारे मांजर एकाएकी अन्न टाकते, सारखे ओकते आणि पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसूनही पाण्यास तोंड लावीत नाही, तेव्हा त्याने विषारी उंदीर खाल्ला असावा असा समज होतो. विषबाधा संभवते हे खरे. तथापि लस न टोचलेल्या पिलांत या लक्षणांमागे पुष्कळदा ‘पॅनल्युकोपेनिया’ हा विषाणुजन्य रोग असतो. विषाणू आतड्याचे अस्तर नष्ट करतो व रक्तातील पांढऱ्या पेशी अतिशय घटवितो. वांत्या-जुलाबांनी अंगातील पाणी जाते, आतड्यातील जंतू रक्तात शिरतात, आणि मांजर दगावते ते बहुधा या दोन कारणांनी.

या विषाणूवर खात्रीचे औषध नाही. शरीरास लढण्याइतका अवधी मिळवून देणे हाच उपचार होय. म्हणून मांजर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे. मांजरासाठी तेथे जाण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. पशुवैद्य शिरेतून अगर कातडीखाली सलाईन देतात, तसेच ओकारी थांबविणारे औषध व प्रतिजैविके टोचतात.

घरी मांजर गोणपाटावर उबेत व इतर मांजरांपासून वेगळे ठेवावे. ओकारी चालू असता तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. ओकारी थांबल्यावर चमच्याने थोडे थोडे पाणी द्यावे व पुढे उकडलेली, बिनमिठाची मासळी किंवा कोंबडी द्यावी. गाईच्या दुधाने जुलाब वाढू शकतात. तापावरील पॅरासिटामॉलची गोळी तर कदापि देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते. पहिले 5 दिवस निभावल्यास जगण्याची आशा बरीच वाढते.

हा रोग माणसास होत नाही, परंतु विषाणू जमिनीवर, भांड्यांवर वर्षभरही टिकतो आणि पायताणांबरोबर दुसऱ्या घरी जातो. येथे फिनाईल निरुपयोगी, शिवाय मांजरास विषारी. जागा प्रथम घासून धुवावी, नंतर 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून तिने 10 मिनिटे ओली ठेवावी व पुन्हा धुवावी.

पिलांस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात पहिली लस टोचून घ्यावी आणि 16 आठवड्यांचे होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी. गाभण मांजरीस जिवंत विषाणूची लस देऊ नये. ज्या घरात मांजर या रोगाने मेले, तेथे लसीकरण पुरे न झालेले पिलू आणू नये.