फुलाखालचा पुरावा

नगर शहराला आणि आसपासच्या कोरडवाहू पट्ट्याला वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात मिळतो. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे जुलैतच धबधबे कोसळत असतात, तेव्हा इकडचे लोक अजून परतीच्या पावसाची वाट पाहत असतात. तो एकदा दणकून पडला की चार-सहा दिवसांत अंगणातून, कुंड्यांतून पांढरी फुलं वर येतात. ती कधी लावली, हेही पुष्कळदा घरच्यांना आठवत नाही. मग माझ्या मोबाइलवर फोटो येतो: हे काय आहे?

फोटो बहुधा वरून काढलेला असतो. सहा पाकळ्या, मधे पिवळे परागकोश. एवढ्यावरून मी नाव सांगत नाही, कारण वरून पाहिलं तर अगदी वेगवेगळ्या कुळांतली फुलं सारखी दिसतात आणि त्यांतली काही विषारी असतात. मी उलट निरोप पाठवते, की फूल बाजूने दिसेल असा, देठासकट फोटो काढा. जमलं तर स्वतःच जाते.

राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवर ऑक्टोबरात गेले ती अशाच फोटोवरून. लसणाच्या वाफ्याला लागूनच, मोटारीच्या पाण्यावर, कांद्याच्या पातीसारख्या बारीक पानांचा दाट गुच्छ होता आणि त्यावर वीतभर उंचीची पांढरी फुलं. सकाळी दहाचं ऊन लागलं तशी ती पूर्ण उघडली; संध्याकाळी मिटतात, असं आजींनी सांगितलं. "लेकीनं पुण्याहून आणल्याली गड्डी हाय," त्या म्हणाल्या. "पोरगं म्हणतंय केशर हाय. खरं का, ताई?"

नातू अकरावीला होता. बंद खोलीत केशर पिकवण्याचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. त्याची शंका मला अजिबात वेडगळ वाटली नाही. शरदात फुलणारं, जमिनीलगतचं, सहा पाकळ्यांचं फूल म्हटलं की केशरच आठवणार. काश्मिरात पाम्पोरला ते फुलतं तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. म्हणून मी त्याच्याच हाती भिंग दिलं.

पहिली परीक्षा मात्र आजींनीच घेतली होती. पान चुरगळून हुंगलं, तर कांद्या-लसणाचा वास नाही. राहुरी हा कांद्याचा मुलूख, 'फुले समर्थ' ही जात इथल्याच कृषी विद्यापीठाची; इथल्या बाईला तो वास कोणी शिकवावा लागत नाही. शिवाय बियाण्यासाठी लावलेल्या डोंगळ्यांवर शेकडो बारीक फुलांचा गोंडा येतो, इथे एका दांड्यावर एकच फूल. तेव्हा कांद्याची जात बाद.

मग पुंकेसर मोजले. सहा. केशराला तीनच असतात आणि मधून लाल रंगाचे तीन लांब धागे निघतात; तेच वाळवून केशर म्हणून विकतात. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. इथे मधोमध एकच पांढरी काडी होती, टोकाला जेमतेम तीन खाचा पडलेली. नातवाचा चेहरा उतरला, पण भिंग त्याने सोडलं नाही.

सहा पुंकेसर म्हटल्यावर मला दुसरीच काळजी लागते. युरोपातल्या बागांत शरदात कोल्चिकम नावाचं फूल येतं, दिसायला केशरासारखंच. त्याच्यात कोल्चिसीन हे जहाल विष असतं. त्याच जातकुळीतल्या काश्मिरी झाडाचे कंद आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात सुरंजान म्हणून मिळतात. आणि आपली कळलावी, श्रावण-भाद्रपदात कुंपणावर पेटलेली दिसते ती, याच कुळातली आणि याच विषाची. त्यामुळे इथे अंदाजाने बोलून चालत नाही.

निर्णय होतो तो पाकळ्यांच्या खाली. फूल आडवं धरलं, तर पाकळ्या जिथे संपतात तिथे खाली हिरवा फुगीर भाग दिसला. तो बीजकोश. कळलावीत बीजकोश पाकळ्यांच्या वर, फुलाच्या पोटात असतो. केशर आणि कोल्चिकम यांचा तर फुलताना जमिनीखालीच राहतो. वर देठ म्हणून दिसते ती पाकळ्यांचीच लांब नळी. आमच्या फुलाला खरा दांडा होता, पोकळ, आणि त्याच्या टोकावर उघड्यावर बीजकोश. ब्लेडने तो आडवा कापला. आत तीन कप्पे, प्रत्येकात बीजांडांच्या रांगा. खाली तांबूस पातळ आवरण, एकाच पानाचं. कूळ ठरलं: निशिगंधाचं नाही, नागदवण्याचं आणि स्पायडर लिलीचं.

या कुळात, आपल्याकडच्या अंगणांत एका दांड्यावर एकच फूल देणारी ती पावसाळी लिली, झेफिरँथिस. तिच्यातही जाती पुष्कळ. गुलाबी मोठ्या फुलाची आपल्याकडे घरोघर असते. तिची पानं पट्टीसारखी चपटी आणि पाकळ्यांखाली स्पष्ट नळी. दुसरी एक पांढरीच, पण तिची नळी खूप लांब आणि ती तिन्हीसांजेला उमलते. आमच्या फुलाला नळी जवळजवळ नव्हती, पानं जाड आणि अरुंद, पाकळ्यांच्या बाहेरून फिकट गुलाबी झाक. झेफिरँथिस कॅन्डिडा. मूळची दक्षिण अमेरिकेतली, अर्जेंटिना-उरुग्वेकडच्या ओलसर गवताळ जमिनींतली.

परदेशी बागेच्या झाडासाठी आपल्या प्रदेशाच्या ग्रंथांवर फार विसंबता येत नाही. थिओडोर कुक यांचे मुंबई इलाख्यावरचे खंड (१९०१–१९०८) किंवा प्रधान आणि सिंग यांचा अहमदनगर जिल्ह्याचा १९९९चा ग्रंथ मी रानातल्या झाडांसाठी सतत उघडते. आजींच्या अंगणासाठी त्यांचा उपयोग एवढाच, की रानातला कुठला कांदा हा नाही, याची खात्री पटते. कांदा कोरडा राहून लांबचा प्रवास सोसतो, म्हणून या झाडांचे पत्ते असे विस्कटलेले असतात. उलट दिशेनेही ते गेले आहेत. पुण्याच्या गणेशखिंड बागेचे जी. मार्शल वुड्रो यांनी महाबळेश्वरचा एक कांदा लंडनजवळच्या क्यू बागेला पाठवला, तिथे त्याची ओळख पटली आणि १८९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बेकर यांनी त्याला वुड्रोंचं नाव दिलं, क्रायनम वुड्रोवी. पुढे शंभराहून अधिक वर्षं ती जात कोणाला सापडली नाही. पुन्हा सापडल्याची नोंद छापून आली ती २००४ मध्ये. तेव्हाही जुन्या वर्णनाशी एकेक अवयव ताडूनच खात्री करावी लागली असणार.

मी एक कांदा उकरून घेतला. जेमतेम दोन सेंटिमीटरचा, वर काळपट साल. उभा चिरल्यावर आत पापुद्र्यांवर पापुद्रे दिसले. केशराचा कंद आतून भरीव असतो. चिरलेले दोन्ही भाग उकळत्या पाण्यातून काढले, नाहीतर असे कांदे दाबाखाली कागदातही कोंब काढत राहतात. रंग, उमलायची वेळ, उंची हे तिथेच लिहून घेतलं, कारण वाळल्यावर पांढरं फूल तपकिरी होतं आणि मग रंगाचा काही पुरावा उरत नाही. चिठ्ठीवर "लागवडीतील" हा शब्द ठळक लिहिला. तो नसला, तर पुढे कोणीतरी हे झाड राहुरीच्या रानातलं समजेल.

तरी बी यायचं राहिलं होतं. दोन बोंडं दोऱ्याने खुणावून ठेवायला नातवाला सांगितलं. महिन्याभराच्या आत त्याचा फोटो आला, या वेळी बाजूने काढलेला: तीन फाकांचं उकललेलं बोंड, त्यात काळ्या, चपट्या, कागदी बिया. नागदवण्याचं आणि स्पायडर लिलीचं बी जाड, गरदार असतं. आता कुठे शंका उरली नाही.

त्या दिवशी निघण्यापूर्वी एक काम मात्र थांबू शकत नव्हतं. या लिलीच्या कांद्यात लायकोरीन असतं. खाण्यात आलं तर उलट्या, जुलाब होतात. लसणाच्या पातीत तिची पात खुडली गेली, तर हाताला फरक कळणार नाही. आजींनी ऐकलं आणि लगेच खुरपं मागवलं. गड्डे न फोडता सगळा गुच्छ मातीसकट काढून विहिरीच्या कठड्याकडे हलवला, आणि शेळीच्या दाव्याची लांबी तिथवर पोचत नाही ना, हे त्यांनी स्वतः दावं ताणून पाहिलं.